शिकारीचं सामान: चित्ता, जोडनळी आणि तुमच्या खिशातला फोन

इयरफोन लावा, चहा घ्या, आणि बसमध्ये असाल तर खिडकी धरा. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा गडी बिघडला. विषय आहे शिकार. तीही सशा-तित्तिराची नाही, मोठ्या जनावराची. आणि त्यातही आपण बोलणार आहोत सामानाबद्दल. काय निवडायचं, का निवडायचं, कसं वापरायचं.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कमेंटमध्ये भांडणं नकोत. भारतात वन्यप्राण्याची हौसेखातर शिकार हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. गवा, वाघ, बिबट्या हे त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड वेगळा. तेव्हा "भावा, रायफल कुठली घेऊ" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सोपं आहे: घेऊ नको.

मग बोलायचं कशाला? कारण दोन आहेत. एक म्हणजे आपलं कोल्हापूर. या संस्थानात मोठ्या शिकारीचं जे तंत्र होतं, तसं फार थोड्या ठिकाणी होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आज गवा रंकाळ्याला फिरायला येईल की काय, इतका जवळ आलाय. आणि आपण सगळे त्याच्यामागं एक सामान घेऊन पळतोय. ते सामान म्हणजे फोन. शेवटी तिथंच येणार आहे मी.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडं एक नियम असतो: टूल नंतर निवडा, आधी रिक्वायरमेंट लिहा. शिकारीतही नेमकं हेच आहे. सामान माणूस निवडत नाही, जनावर निवडतं. त्यामुळं सुरुवात जनावरापासून.

आधी गवा बघू

आपल्याकडचं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे गवा. लोक गवारेडा म्हणतात, दाजीपूरच्या पाटीवर बायसन म्हणतात. तो रेडाही नाही आणि बायसनही नाही. बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला गवा हा गाईच्या कुळातला, रानबैलांमधला सगळ्यात मोठा. पूर्ण वाढलेला नर ६०० किलोपासून थेट १००० किलोपर्यंत जातो. खांद्याशी उंची पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण तुमच्या-माझ्या डोक्याइतकी. पायांना पांढरे मोजे, अंगावर काळं तेल चोपडल्यासारखी चकाकी.

आता त्याच्या पाठीकडं बघा. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत एक उंच कणा दिसतो. ती चरबी नाही, मणक्याची लांब हाडं आणि त्यावरचं मांस आहे. त्यामुळं गवा आहे त्यापेक्षाही उंच वाटतो. जुन्या शिकाऱ्यांना या गोष्टीनं फार दगा दिला. माणूस अंगाच्या मध्यावर नेम धरतो, आणि तो मध्य या उंच पाठीमुळं वर सरकलेला असतो. काळीज मात्र खाली, पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या तळाला. गोळी वरनं मांसातनं निघून जायची, गवा जखमी होऊन जाळीत शिरायचा, आणि मग त्याच्या मागं जाणाऱ्याचं काय व्हायचं ते सांगायला नको.

त्याचं नाक तीक्ष्ण, कान चांगले. नजर त्या मानानं बेताची. म्हणून गव्याच्या बाबतीत पहिलं सामान रायफल नव्हतंच, वारा होता. चिमूटभर राख किंवा माती सोडायची, ती कुठं जाते बघायची, आणि वारा तोंडावर घेऊनच पुढं सरकायचं. फुकटचं सामान, पण याच्याशिवाय बाकीचं सगळं वाया.

चित्ता: चार पायांचं हत्यार

आता कोल्हापूरच्या खास गोष्टीकडं येऊ. राजर्षी शाहू महाराज आपल्याला आरक्षणासाठी, शिक्षणासाठी, राधानगरीच्या धरणासाठी माहीत आहेत. पण महाराज कसलेले शिकारीही होते. घोड्यावरून भाल्यानं रानडुक्कर मारणं हा त्यांचा आवडता खेळ. आणि दुसरी शिकार चित्त्याकरवी. काळवीट मारायला रायफल नाही, पाळलेला चित्ता. शाहू महाराजांनंतर राजाराम महाराजांच्या काळातही हे चालू राहिलं. चित्ता राखणारे, शिकवणारे लोक कोल्हापुरात पिढीजात होते.

हे चालायचं कसं बघा. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवलेली. त्याला गाडीवर बसवायचं, कमरेला दोरी. गाडी माळावर हळूहळू कळपाकडं न्यायची. काळवीट माणसाला बघून पळतं, पण बैलगाडीची त्याला सवय असते, शेतकरी रोजच जातो-येतो. म्हणजे गाडी हे वाहन नव्हतं फक्त, ते सोंग होतं. पुरेसं जवळ गेलं की टोपी काढायची, चित्त्याला नर दिसला की सोडायचं. पुढचं काही सेकंदांचं काम. चित्ता ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, पण काही शे मीटरच. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाही तर तो सरळ बसकण मारतो. मग त्याला कितीही चुचकारा, उठत नाही.

आणि जमलं तरी खरं कौशल्य पुढंच. चित्त्यानं काळवीट धरलंय, ते त्याच्याकडनं सोडवायचं कसं? राखणारा माणूस जवळ जायचा, जनावराचा गळा कापायचा, आणि लाकडी पळीत रक्त किंवा मांस घेऊन चित्त्याच्या तोंडापुढं धरायचा. तो त्यात गुंतला की डोळ्यांवर परत टोपी. पळी, टोपी, दोरी, गाडी. बघायला किती साधं सामान! पण त्यामागं महिनोन्महिन्यांची शिकवण.

आता यातली इंजिनिअरला खुपणारी गोष्ट सांगतो. सप्लाय चेन. पाळलेला चित्ता पिंजऱ्यात वितच नाही. जहांगीर बादशहाच्या काळात एकदा पिल्लं झाल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर थेट विसाव्या शतकात, १९५६ साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे शेकडो वर्षं प्रत्येक शिकारी चित्ता हा रानातनं पकडून आणलेला. नवा चित्ता पाहिजे तर रानातला एक कमी. हिशेब करा. रान आटत गेलं, माळ नांगराखाली गेले, काळवीट कमी झालं, आणि हिंदुस्थानातला चित्ता मिळेनासा झाला. मग कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी चित्ते आणले कुठनं? आफ्रिकेतनं. बोटीनं.

१९४७ मध्ये सध्याच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या राजानं एका रात्री तीन चित्ते मारले, आणि ते आपल्याकडचे शेवटचे नोंदलेले मानले जातात. १९५२ मध्ये भारतातनं चित्ता संपल्याचं जाहीर झालं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातनं आठ चित्ते कुनोला आले तेव्हा टीव्हीवर सगळे म्हणत होते, आफ्रिकेचा चित्ता पहिल्यांदाच भारतात. कोल्हापूरकरांनी मनातल्या मनात हसायला हरकत नव्हती. आमच्याकडं तो कधीच येऊन गेला होता, फक्त कामावर होता.

रायफल: थोडं गणित करू

काळविटाला चित्ता चालतो. गव्याला नाही. गव्यासाठी आणि वाघासाठी होती रायफल. यावर सिनेमानं आपल्या डोक्यात एक खोटं भरलंय: गोळी लागली की जनावर उडून पडतं. चला, हिशेब मांडू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या जनावरांसाठी इंग्रजी कारखान्यांच्या जोडनळी रायफली यायच्या. त्यातलं एक प्रसिद्ध काडतूस म्हणजे ४७० नायट्रो एक्सप्रेस. तिची गोळी साधारण ३२ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६५५ मीटरच्या आसपास. ऊर्जा काढली तर ७००० ज्यूलच्या जवळ जाते. ७० किलोचा माणूस १० मीटर उंचीवरनं पडला तर जेवढी, तेवढी. ऐकायला भयंकर आहे.

पण ढकलण्याची ताकद ऊर्जेनं नाही, संवेगानं ठरते. वस्तुमान गुणिले वेग. दहावीचं भौतिकशास्त्र, विसरला नसाल. तो येतो २१. आता ८०० किलोच्या गव्याला २१ चा धक्का दिला तर तो सरकेल सेकंदाला अडीच-पावणेतीन सेंटिमीटर या वेगानं. म्हणजे मुंगीच्या चालीनं. १४० च्या वेगानं आलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग साधारण ६ असतो. म्हणजे जगातली नामांकित हत्ती-रायफल गव्याला साडेतीन चेंडूंइतकंच ढकलते!

मग गवा मरायचा कसा? ढकलून नाही, आत शिरून. जाड कातडी, मांस, हाड फोडून गोळी काळजापर्यंत पोचली पाहिजे. म्हणून गव्यासाठी टणक, न फुटणारी गोळी वापरत. वाघासाठी उलट. वाघाचं अंग मऊ, तिथं टणक गोळी आरपार जाऊन फुकट जाते, म्हणून मऊ टोकाची, आत पसरणारी. एकच रायफल, जनावर बदललं की गोळी बदलली. रिक्वायरमेंट आधी, टूल नंतर, ते हेच.

जोडनळी का? कारण दोन नळ्या, दोन घोडे, दोन वेगळी कुलपं. एक बिघडलं तरी दुसरं चालतं. आमच्या सर्व्हरला जसा बॅकअप असतो तसा. आणि दुसरा बार काढायला काही ओढायचं-सरकवायचं नाही, फक्त बोट मागच्या घोड्यावर न्यायचं. चाल करून येणाऱ्या जनावरापुढं तो एक सेकंद म्हणजे आयुष्य.

पण या सोयीची किंमत होती. दोन्ही नळ्या एका ठराविक अंतरावर एकाच जागी मारतील अशा जुळवून डाख देऊन बसवाव्या लागत, आणि तेही एका ठराविक काडतुसावर. दारूचं माप बदललं की दोन गोळ्या दोन दिशांना. वर आपल्याकडचा उन्हाळा. इंग्लंडच्या थंडीत जुळवलेलं काडतूस इथल्या उन्हात तापलं की नळीतला दाब वाढतो, कवच अडकून बसतं. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दाबाची काडतुसं निराळी बनवावी लागली. ज्यांनी लॅपटॉपवर चाललेला कोड प्रॉडक्शनला टाकून हात पोळून घेतलेत, त्यांना हे दुःख लगेच कळेल.

आणि वजन? अशी रायफल पाच किलोच्या घरात. हलकी का नाही केली? कारण जो धक्का गव्याला बसतो तोच तुमच्या खांद्यालाही बसतो. न्यूटन कुणाला सोडत नाही. रायफल जड असली तर तो धक्का ती पिते, हलकी असली तर तुमचं हाड पितं.

म्हणून मोठी बंदूक म्हणजे मोठा शिकारी, असंही नव्हतं. जिम कॉर्बेटकडं भारी जोडनळी होती, पण त्यांचं नाव जोडलं गेलं ते २७५ बोअरच्या हलक्या रिग्बी रायफलशी. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये ती त्यांना भेट मिळाली होती. डोंगरात दिवसभर वागवता येते आणि नेम चुकत नाही, हे त्यांच्या कामाला जास्त उपयोगी.

मचाण, हाका आणि थांबणं

रायफल हे सामानातलं सगळ्यात कमी वेळ वापरलं जाणारं सामान. बाकी वेळ काय? दोन पद्धती. एक हाका. गावातली माणसं ढोल, डबे, आरोळ्या घेऊन एका बाजूनं रान उठवत यायची आणि जनावर बंदुकीच्या दिशेनं ढकलायची. हाक्यात मान बंदूकवाल्याला, पण जीव धोक्यात हाकेकऱ्याचा. तो अनवाणी, हातात काठी, आणि बिथरलेलं जनावर उलटलं तर पहिला सामना त्याच्याशी. जुन्या शिकारीच्या फोटोत तो कडेला उभा असतो, आणि खाली नाव फक्त मधल्या माणसाचं.

दुसरी पद्धत मचाण. पाणवठ्यावर झाडात माळा बांधायचा आणि बसून राहायचं. खोकला नाही, विडी नाही, चुळबूळ नाही. मचाणाचं सगळं तंत्र म्हणजे उंची, वारा आणि बूड स्थिर ठेवणं.

गंमत अशी की मचाण अजून वापरात आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर माणसं बसवून प्राण्यांची नोंद करून घेतं ना, ते याच मचाणांवर. तेच झाड, तोच चांदण्या रात्रीचा पाणवठा. फक्त हातात बंदुकीऐवजी कागद आणि पेन.

दाजीपूर कसं बदललं

दाजीपूरचं रान हे छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. राखीव याचा अर्थ इतरांना बंदी. त्यामुळं झालं असं, की ज्या कारणासाठी रान राखलं ते कारण गेलं, पण रान उरलं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, त्यात हेही आहे.

म्हणजे शिकाऱ्यांनी जंगल वाचवलं का? अर्धं खरं. राजाच्या शिकारीसाठी राखलेलं रान वाचलं. राखण नसलेल्या माळावरचा चित्ता मात्र गेला. मला तरी यातनं एवढंच दिसतं की जनावर बंदुकीनं जेवढं मरतं त्याहून जास्त जागा गेल्यानं मरतं.

ज्यांना ते जुनं सामान डोळ्यांनी बघायचंय त्यांनी न्यू पॅलेसचं संग्रहालय बघावं. हत्यारं आहेत, पेंढा भरलेली जनावरं आहेत. लहान पोरं वाघाजवळ थांबतात. तुम्ही गव्याजवळ थांबा, आणि त्याच्या छातीकडं बघून मघाचं गणित आठवा.

आणि नेम धरायची खरीच हौस असेल तर कोल्हापुरासारखी जागा नाही. तेजस्विनी सावंत २०१० ची विश्वविजेती. राही सरनोबतचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण. आणि स्वप्निल कुसाळे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य. हा गडी कांबळवाडीचा, म्हणजे राधानगरी तालुक्यातला! गव्यांच्याच तालुक्यातला माणूस, आणि नेम कागदावर धरून जगात तिसरा आला. रेंजवर जा, शिकवणारे आहेत.

आजचं खरं शिकारीचं सामान

आता जरा कडू. शिकार थांबली असं समजू नका. फक्त सामान बदललंय, आणि ते फार हलकं झालंय. ठासणीची बंदूक अजून सापडते. दुचाकीच्या ब्रेकच्या तारेची फासकी. रानडुकरासाठी पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब. आणि शेताच्या बांधावर उघड्या तारेत सोडलेला करंट.

जुन्या शिकारीतलं सामान निदान जनावर ओळखायचं. नर आहे का मादी, गाभण आहे का, हे बघूनच घोडा ओढायचा असा दंडक होता. पाळला किती जायचा ते सोडा, पण शक्य तरी होतं. फासकीला डोळे नसतात. ती डुकरासाठी लावतात आणि अडकतो बिबट्या. बॉम्ब डुकरासाठी ठेवतात आणि जबडा फुटतो गाईचा. करंट तर अंधारात पाण्याची पाळी द्यायला निघालेल्या शेजाऱ्याचा जीव घेतो. रानात गेल्यावर तार दिसली तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याला कळवा. नंबर शेवटी सांगतो.

शेतकऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे. एका रात्रीत गव्यांचा कळप ऊस, भात तुडवून जातो. वर्षाचं पीक. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, पन्हाळा, कुठंही विचारा. ज्याचं गेलंय त्याला पॉडकास्टवरनं प्रवचन देऊ नये. नुकसानभरपाईची सोय आहे, पण फोटो, पंचनामा, अर्ज हे वेळेत व्हावं लागतं. तुमच्यापैकी ज्यांना फोन चांगला चालवता येतो त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक अर्ज भरून द्या. माझ्या मते कुठल्याही गव्याच्या रीलपेक्षा ते मोठं काम आहे.

फोन: नवा हाका

आता मुद्द्यावर. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला. आठवत असेल. गर्दी, आरडाओरडा, मोबाईल, तासन्‌तास पळापळ. शेवटी त्याला बेशुद्ध करून धरलं, आणि तो मेला. बरोबर वर्षानं, डिसेंबर २०२१ मध्ये, गवा आपल्या कोल्हापूरच्या वेशीवर आला. पंचगंगेच्या काठच्या उसात. बघायला गर्दी झाली. भुयेवाडी परिसरात एका तरुणाचा जीव गेला.

एकीकडं जनावर गेलं, एकीकडं माणूस. दोन्हीकडं बंदूक नव्हती.

पळवलेलं जनावर मरतं कसं हे समजून घ्या. गव्यासारखं अवजड जनावर जिवाच्या भीतीनं सतत पळालं की अंग तापतं, स्नायू तुटायला लागतात, त्यातले पदार्थ रक्तात उतरतात, आणि मूत्रपिंड, हृदय बंद पडतं. काही वेळा लगेच, काही वेळा दोन-चार दिवसांनी. म्हणजे तुमच्या व्हिडिओत तो सुखरूप रानात पळून गेलेला दिसतो, आणि तरी तो मेलेलाच असतो.

"मग बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं की." सगळे हेच म्हणतात. ते सामानही समजून घेऊ. डार्ट गनमधनं सुई सुटते ती दाबाच्या वायूनं. अंतर बघून दाब लावायचा. कमी लावला तर सुई पडते, जास्त लावला तर सुई जनावराचं हाड मोडू शकते. औषधाचं माप वजनावर, आणि वजन नजरेनं ओळखायचं. आणि सुई लागली की जनावर झोपत नाही! बरीच मिनिटं लागतात, आणि घाबरलेल्या जनावरावर औषध चढायला आणखी उशीर. तेवढ्यात ते पळणार. मोकळ्या माळावर पळालं तर ठीक, गर्दीत पळालं तर?

हे काम नीट होतं हेही खरं आहे. २०११ मध्ये कान्हातनं १९ गवे बेशुद्ध करून बांधवगडला नेले होते, पुढं आणखी नेले, आणि तिथं आज कळप आहे. फरक काय? तिथं तज्ज्ञ होते, तयारी होती, आणि बघ्यांची गर्दी नव्हती.

आता कायद्यातली एक ओळ सांगतो, जी बहुतेकांना माहीत नसते. १९७२ च्या कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारणं अशी नाही. पकडणं, फास लावणं, आमिष ठेवणं, आणि जनावर हाकणं हेही त्यात आहे. प्रयत्नसुद्धा आहे. मी वकील नाही. पण दहा दुचाकी हॉर्न वाजवत गव्याच्या मागं लागतात, तेव्हा ती पद्धत मला ओळखीची वाटते. ढोलाऐवजी हॉर्न. हाच तो हाका. फक्त या हाक्याला पुढं मचाण नाही, आणि हाकेकरी स्वतःच बंदूकवाला समजून चाललाय.

आणि फोन हे त्यासाठी सगळ्यात वाईट सामान का, तेही गणितानं दाखवतो. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य घेतो. १०० मीटरवरच्या गव्याचा फोटो काढलात तर तो फोटोच्या रुंदीच्या जेमतेम दोन टक्के येतो. काळा ठिपका. म्हणून माणूस काय करतो? जवळ जातो. पन्नास मीटर. तीस मीटर. स्क्रीनमध्ये बघत चालतो, आणि स्क्रीनमध्ये गवा अजून लांबच दिसतोय. चांगली रायफल, चांगली दुर्बीण माणसाला लांब ठेवायची. फोन माणसाला जवळ ओढतो. ज्या अंतरावर जुने शिकारी पाच किलोची जोडनळी घेऊनही घाबरत, तिथं आपण मोकळ्या हातानं, पाठ करून, सेल्फी घेतोय.

मग घ्यायचं काय?

जनावर बघायची हौस आहे ना? चांगली हौस आहे. सामान सांगतो.

पहिलं, दुर्बीण. दुर्बिणीवर दोन आकडे असतात, ८ गुणिले ४२ असे. ८ म्हणजे आठपट जवळ. २०० मीटरवरचा गवा २५ मीटरवर असल्यासारखा. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा गवे सड्यावर चरायला येतात, तेव्हा डोळ्याची बाहुली मोठी होते आणि हा प्रकाश कामाला येतो. दुकानदार १० गुणिले २५ ची छोटी दाखवेल, "दहापट आहे, खिशात मावते" म्हणेल. २५ भागिले १० म्हणजे अडीच. दुपारी ठीक, दाजीपूरच्या दाट सावलीत अंधार. आणि दहापटीत हाताचा कंपही दहापट. पहिली दुर्बीण ८ गुणिले ४२ घ्या, डोळे मिटून.

दुसरं, तिची राखण. आपल्याकडचा पाऊस भिंगावर बुरशी आणतो. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. बस.

तिसरं, कपडे. मातकट, हिरवट. भडक नको, अत्तर-डिओ अजिबात नको. गव्याचं नाक मघाशी सांगितलंय.

चौथं, कॅमेरा ट्रॅप. खूप जण विचारतात. उष्ण अंग हललं की स्वतःच फोटो काढणारा डबा. तुमच्या स्वतःच्या शेताच्या बांधावर लावून रात्री काय येतं ते बघणं वेगळं. अभयारण्यात परवानगीशिवाय लावायचा नाही, आणि ड्रोन तर नाहीच.

पाचवं, स्थानिक वाटाड्या. दाजीपूरला सावराई सड्यावर जायचं तर तिथल्याच गाडीनं, तिथल्याच माणसाबरोबर जा. त्याच्याइतकी चांगली दुर्बीण कुठल्याच कंपनीनं काढलेली नाही.

आणि गवा समोर आला तर

पाठ करा. पळायचं नाही, दगड मारायचा नाही, हॉर्न नाही, फ्लॅश नाही. त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. तो आडवा उभा राहून अंगाची बाजू दाखवत असेल, फुरफुरत असेल, तर तो पोझ देत नाहीये. "बघ मी केवढा आहे, सरक" असं सांगतोय. तोंड त्याच्याकडं ठेवून हळू मागं सरका, झाड किंवा भिंत आडोशाला घ्या. एकटा नर असेल किंवा कळपात वासरू असेल तर दुप्पट अंतर.

मग फोन काढा. आता त्याचा खरा उपयोग आहे. १९२६, वनविभागाची हेल्पलाइन. ठिकाण, वेळ, किती जनावरं, कुठल्या दिशेनं गेली. एवढंच सांगा. आणि ते लोकेशन गावच्या ग्रुपवर टाकताना "बघायला या" असं टाकू नका. "या रस्त्यानं येऊ नका" असं टाका. शब्द तेवढेच लागतात. एकानं गर्दी जमते, एकानं पांगते.

नंबर आत्ताच सेव्ह करा, पॉज करून. केला? झकास.

पुढच्या भागात पावसाळ्यातल्या ट्रेकचं सामान घेऊ, बुटांवर बरेच प्रश्न आलेत. हा भाग आवडला असेल तर गावाकडच्या एका मित्राला पाठवा, ज्याच्या उसात गवे येतात त्याला आधी. चला, भेटू. काळजी घ्या.